पंचविसाव्या फाल्गुनात

विजयमालाचं लग्न वैशाखात झालं आणि त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माहेर सिरसाळ्याकडचं, काळ्या सपाट रानाचं. सासर धारूरच्या डोंगराखालचं, खैरवाडी नावाचं, पन्नास-साठ उंबऱ्यांचं. लग्न ठरलं तेव्हा चुलतीनं सांगितलं होतं, पोरी, तुला डोंगराचं गाव मिळालंय, दारातून डोंगर दिसतो. दिसत होता हे खरंच. पण तिला तो दिसायचा पावसाळ्यात, ढगात बुडालेला, आणि तोही खुरपताना मान वर केली तर. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहायचा. भांडी, गोधड्या, कोयते आणि माणसं त्यात भरली जायची. गुढीपाडवा तोंडावर आला की तोच ट्रक त्यांना परत आणून सोडायचा. असे चोवीस हंगाम गेले. चोवीस वर्षांत तिनं सासरचं घर ना कडाक्याच्या थंडीत पाहिलं, ना उन्हाळा लागताना.

पंचविसाव्या हंगामात, माघ महिन्यात, कऱ्हाडकडच्या एका फडात ती पडली. ट्रकला लावलेली फळी दहिवरानं ओली होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती चढत होती. पाय सरकला, ती आडवी झाली आणि मोळी कमरेवर आली. बायका धावल्या. ती उठून बसली, पदर झटकला, म्हणाली, "काय न्हाई झालं." आणि खरोखरच आणखी दोन मोळ्या तिनं वर नेल्या. तिसरी मात्र उचलेना. हात मोळीला घातलेले आणि कंबर जागची हलेना, अशी ती बराच वेळ वाकून उभी राहिली. शेवटी धोंडीरामानं येऊन तिला धरून खाली बसवलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. मणका दबलाय म्हणाले. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

"मग करायचं काय?" विजयमालानं विचारलं.

"पडून राहायचं," डॉक्टर म्हणाले.

पडून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिला कळलं नाही. कोपीत ती चार दिवस पडून राहिली, म्हणजे पहाटे उठून बसल्या बसल्या भाकरी थापल्या आणि दिवसभर उसाच्या पाचटाच्या छपराकडं बघत राहिली. धोंडीराम मुळातच कमी बोलणारा माणूस. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "गावाकडं जा तू."

"आन तुमी?"

"सिदूचा मेव्हणा मोकळा हाय. त्याच्यासंगं लावतो कोयता."

नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी फडातली मोजणी. विजयमाला गेली तर धोंडीराम अर्धा कोयता उरत होता. सिदू त्याचा चुलतभाऊ. त्याच्या मेव्हण्यानं तो पुरा होणार होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या जागी दुसरं माणूस उभं राहणार होतं आणि ऊस तेवढाच तुटणार होता. तिला ते ऐकून हलकं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. दोन्हीचा विचार करण्याइतकं त्राण नव्हतं. धोंडीरामानं तिला एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवली. फडात त्याची वाट बघत होते.

खैरवाडीत ती दुपारी उतरली. गाव असं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. निम्म्या घरांना कुलपं. पारावर दोन म्हातारे, सावलीत एक कुत्रं, आणि कुठूनतरी शाळेतल्या पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज. सासू छबुबाई अंगणात शेळ्यांना पाणी दाखवत होती. तिनं सुनेला खालपासून वरपर्यंत पाहिलं, हातातली पिशवी घेतली, म्हणाली, "बाजंवर पड. च्या ठिवते."

संध्याकाळी वैष्णवी शाळेतून आली. विजयमालाची ही धाकटी लेक, दहावीला होती. थोरलीचं लग्न झालेलं. वैष्णवी दीड वर्षाची असल्यापासून दर हंगामाला आजीजवळ राहिली होती. ती दारात आली, बाजेवर आईला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"कोण वारलं?" तिनं विचारलं.

"कोण न्हाई गं."

"मग तू कशी काय?"

विजयमालानं कमरेचं सांगितलं. पोरीच्या चेहऱ्यावरची भीती उतरली, ती आत आली, दप्तर ठेवलं आणि मग काय करावं हे न कळून आईच्या पायापाशी जरा वेळ बसून राहिली. नंतर उठून चुलीकडं गेली. तिथं आजी-नातीचं नेहमीचं सुरू झालं. "माय, मीठ कुठंय?" "तुझ्याच मागं." वैष्णवी आजीला माय म्हणायची. कालवण निवलं की नाही, पाणी कुणी आणायचं, कुठल्या शेळीचं पोट बिघडलंय, सगळं दोघींचं ठरलेलं होतं. विजयमाला बाजेवरून ऐकत होती. पोरगी चहा पीत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिच्यापुढं कप धरला तेव्हा.

पंधरा दिवस ती पडून राहिली. पहाटे चारला डोळे आपोआप उघडायचे, हात कोयता शोधायचे. मग आठवायचं. मग पुन्हा झोप लागायची ती दहापर्यंत. आयुष्यात एवढी झोपली नव्हती, आणि जितकी झोपावी तितका थकवा वर यायचा. जणू अंगात कुठंतरी खोल साठवून ठेवलेला होता आणि आता सावकाश बाहेर पडत होता. बोलायचंही जिवावर यायचं. छबुबाई सकाळी सहा शेळ्या घेऊन डोंगराकडं जायची, उन्हं कलल्यावर यायची. वैष्णवीची परीक्षा तोंडावर होती, ती पुस्तकात.

फाल्गुन लागल्यावर एका सकाळी छबुबाई काठी टेकत बाजेपाशी येऊन उभी राहिली.

"चल माझ्यासंगं."

"कुठं?"

"डोंगरात. घरात पडून पाठ बरी व्हत नसती. हळूहळू चाल, बसत बसत जाऊ. मी तरी कुठं पळतीय."

विजयमालाला अजिबात जायचं नव्हतं. पण सासूला नाही म्हणायची सवय नव्हती. कमरेला फडकं घट्ट बांधून ती निघाली. सत्तरीची म्हातारी पुढं, शेळ्या तिच्याही पुढं, आणि एक्केचाळीस वर्षांची सून सगळ्यांच्या मागं. चार ठिकाणी बसावं लागलं. गवत वाळून पिवळं पडलेलं, सीताफळीची झुडपं निष्पर्ण, दगड तापायला लागलेले. पावसाळ्यातली वाट तिला ओळखू येईना. मनात ती म्हणत होती, हे उघडं-बोडकं रान बघायला म्हातारीनं मला कशाला आणलं असंल.

मग एक वळण आलं आणि खाली दरा दिसला. दोन टेकड्यांच्या मधली ती उतरती जागा. दऱ्यात पळस होते. एक-दोन नव्हेत, ओढ्याच्या कडेनं लांबवर, दोनशे-अडीचशे असतील. एकाही झाडाला पान नव्हतं. काळ्या वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांच्यावर टोकापर्यंत शेंदरी फुलं. खाली जमिनीवर तेच. साळुंक्यांचा कलकलाट चाललेला. शेळ्या उतारावरून धावत सुटल्या आणि पडलेली फुलं खाऊ लागल्या.

विजयमाला एका दगडावर बसली. कंबर ठणकत होती. तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आधी तिला वाटलं, एवढं लाल कशाला. मग रागासारखं काहीतरी वाटलं, कुणावर ते कळेना. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हे किती दिस ऱ्हातं?"

"पंधरा-वीस दिस. लई झालं तर महिना."

"दरवर्सी येतं?"

"येतं की. पाऊस कमी पडला की जास्तच येतं."

विजयमाला मनात मागं मागं गेली. पहिल्या हंगामाला, थोरलीच्या वेळी पोटुशी असतानाच्या हंगामाला, वैष्णवीला इथं ठेवून गेली त्या हंगामाला. दर वर्षी ती तिकडं उसाच्या पातीनं हात कापून घेत होती तेव्हा इथं हे येऊन जात होतं. घरापासून तासाभराच्या वाटेवर.

"आत्याबाई, तुमी कधी बोलला न्हाईत."

छबुबाईनं काठी आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी टेकली. गुडघे दुमडताना तिच्या तोंडून आवाज आला. "मला तरी कुठं ठाव होतं? अठ्ठावीस हंगाम केले मी. तुझं लगीन झाल्यावर पन तीन केले, ध्यानात असंल तुझ्या. मग गुडघे गेले म्हून घरी राहिले. तवा शेळ्यामागं आले आन पाह्यलं पहिल्यांदा. पन्नाशीला टेकले व्हते मी." थोडा वेळ तिनं शेळ्यांकडं पाहिलं. "तुझी पाठ लवकर गेली. तुला लवकर दिसलं."

हे ती थट्टेनं बोलली की कसं, ते विजयमालाला समजलं नाही. म्हातारीचा चेहरा होता तसाच होता.

त्या दिवसानंतर ती रोज जाऊ लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघी कधी एका जागी निवांत बसल्या नव्हत्या. वर्षातले सहा महिने एकत्र, तेही पेरणी-खुरपणीचे, एक शेताच्या या टोकाला तर दुसरी त्या टोकाला. आता दिवसभर दुसरं काम नव्हतं. छबुबाई फार बोलायची नाही, पण दाखवायची. ओढ्याच्या काठाची धायटी, बारक्या लाल नळ्यांनी भरलेली. खडकातून निघालेला गणेर, वाळक्या फांदीच्या शेंड्याला हाताच्या पंजाएवढं पिवळंधमक फूल. बांधावरचा पांगारा, त्याच्या काट्यांना हात लावू नको. काटेसावरीची जाड फुलं खाली पडली की धप् असा आवाज येतो, तो ऐकायला म्हातारी चालता चालता थांबायची. विजयमाला नावं ऐकून घ्यायची, उद्या विसरायची, पुन्हा विचारायची. फूल हातात घेऊन उलटंसुलटं करायची. पळसाच्या देठाकडची काळी मखमल अंगठ्यानं चोळून बघायची. तिच्या अंगठ्याला घट्टे इतके होते की मऊपणा नीट कळायचा नाही. मग ती फूल गालाला लावायची, कुणी बघत नाहीसं पाहून.

थकवा गेला नव्हता. बसल्या जागी डोळे मिटायचे. पण घरातल्या बाजेवरचा थकवा आणि हा, दोन्ही वेगळे होते. इथं तिला थकल्याची लाज वाटत नव्हती.

वैष्णवीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती शाळेच्या कपड्यांतच डोंगरात आली. छबुबाई शेळ्यांमागं पलीकडं गेली होती. मायलेकी दोघीच होत्या.

"कसा गेला?"

"बरा गेला." पोरीनं धायटीचं एक फूल तोडलं, मागचं टोक ओठात धरून चोखलं आणि दुसरं आईला दिलं. "वढ. गोड लागतं."

विजयमालानं चोखलं. गोडाचा जेमतेम थेंब होता. "तुला कुणी शिकवलं?"

"मायनं. आमी सगळी पोरं यायचो. ज्यांचे आई-बाप फडावर असायचे ती." तिनं फुलांनी ओंजळ भरली, ती पुन्हा खाली सोडली. मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, "आई, मी तिसरीत होते तवा तुझ्यासाठी पळसाची फुलं ठिवली व्हती. तुमी यायच्या आधीच संपत्यात म्हून. स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं व्हतं."

"मग?"

"तू आलीस तवा डबा उघडला. सगळं काळं झालं व्हतं, वास मारत व्हता. डाळीचा डबा नासवला म्हून तू मला मारलं."

विजयमालाला यातलं काहीच आठवेना. डबा आठवला, अजून फळीवर होता. पण ते काळं, तो वास, पोरीचा गाल, काहीच नाही. हंगामाहून आल्यावरचे पहिले चार-आठ दिवस तिला कधीच आठवायचे नाहीत. अंगात नुसता शीण असायचा आणि जे पुढं येईल त्यावर ती करवादायची.

"तू का सांगितलं न्हाईस, कशाची फुलं व्हती ते?"

"सांगणार व्हते. तू झोपलीस."

चूक झाली म्हणावं असं विजयमालाला वाटलं, पण तसं म्हणायची त्यांच्यात रीत नव्हती आणि जमलंही नसतं. तिनं विचारलं, "कुठल्या झाडाची व्हती?"

"ते बघ, वाकडं. तवा बारकं व्हतं."

"चल."

उतार अवघड होता. वैष्णवीनं तिचा दंड धरला. आईला असं धरायची पोरीला सवय नव्हती; आधी फार घट्ट धरलं, मग सैल सोडलं, मग जमलं. दोघी त्या वाकड्या पळसाखाली जाऊन बसल्या. बहर उतरणीला लागला होता, फांद्यांवर निम्मीच फुलं उरली होती. विजयमाला म्हणाली, "आता सांग. तिसरीपासून सांग." आणि वैष्णवी सांगायला लागली: कोण मास्तर होते, कुणाशी भांडण झालं, ताप आला तेव्हा मायनं काय केलं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती किती रडली. फोनवर हे कधी बोलली नव्हती. छबुबाई शेळ्या घेऊन आली, दोघींना पाहिलं आणि जरा दूर जाऊन बसली.

दोन दिवसांनी दुपारी धोंडीरामाचा फोन आला, तेव्हाही ती डोंगरातच होती.

"पाठ कशी हाय?"

"हाय. तशीच."

"मुकादम इचारत व्हता. दहा-बारा दिसांचं राह्यलंय. मोळ्या न्हाई उचलल्या तरी वाढं बांधायला व्हईल म्हनला."

वाढं म्हणजे उसाचे शेंडे. ते बांधायला वाकावं लागतं, पण बसूनही बांधता येतं. तिला जमलं असतं. चालणं सुधारलं होतं, कळ रोज येत नव्हती. तिकडं धोंडीराम परक्या माणसाबरोबर तोडत होता, स्वतः भाकरी करून खात होता. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"अजून बसवत न्हाई मला," ती म्हणाली.

इकडं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली, वाऱ्यानं वाळकं गवत सळसळलं.

"डोंगरात हायस का?" धोंडीरामानं विचारलं.

तिचा चेहरा तापला. "व्हय. आत्याबाईसंगं आले."

"ऊन लागंल. सावलीला बस," तो म्हणाला. "मुकादमाला मी सांगतो, पाठ बरी न्हाई म्हून." आणि फोन ठेवला.

ती फोन हातात धरून बसून राहिली. त्याला कळलं होतं. कळूनही तो खोटं बोलणार होता, तेही तिच्यासाठी, आणि मग उठून पुन्हा ऊस तोडणार होता. त्या दिवशी तिनं फुलांकडं फारसं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. घरात बसून ज्वारी निवडली. तिसऱ्या दिवशी छबुबाईनं दारातून नुसती हाक मारली, तेव्हा उठून निघाली.

पाडव्याच्या पाच दिवस आधी ट्रक आला. धोंडीराम उतरला तो वाळून काटकी झालेला, हाताच्या कातडीला काळ्या भेगा. आल्या आल्या अंघोळ केली आणि आडवा झाला. दोन दिवस जेवायला उठला तेवढाच. विजयमालानं त्याला काही विचारलं नाही. घरात भांड्याचा आवाज होऊ दिला नाही. या झोपेत माणूस कुठं असतो ते तिला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सासू-सून शेळ्यांमागं गेल्यावर तासाभरानं तो मागून चढत आला. पळस संपला होता. फांद्यांना कोवळी पानं आली होती, चपट्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. खाली पडलेलं सगळं सुकून मातीच्या रंगाचं झालं होतं. विजयमालाला वाईट वाटलं, पण त्याला ते सांगून काय उपयोग होता. तो येऊन तिच्याशेजारी बसला. समोर एका बुटक्या झाडावर पांढऱ्या फुलांचे झुपके आले होते.

"हे कशाचं झाड?"

"कुडा," ती म्हणाली. तो याच गावात जन्मला होता. त्याचे आई-बापही हंगामाला जायचे आणि त्यालाही बरोबर न्यायचे.

तो पाहत राहिला. मग म्हणाला, "दिवाळीनंतर फडाचं कसं करायचं?"

"मोळी उचलायची न्हाई आता माझ्यानं."

"ते दिसतंय मला."

"वैष्णवीला धारूरला अकरावीत घालू. मी घरी ऱ्हाते. शेळ्या वाढवू अजून चार. आत्याबाईचे गुडघे बघताय ना तुमी, पुढच्या वर्सी त्यांना इथवर येववायचं न्हाई."

"आन मी?"

तुमी पण ऱ्हावा असं म्हणावं, तर पोट कशावर भरायचं. जा म्हणावं, तर जीभ रेटेना. "तुमी सिदूभावजींसंगं जा," ती शेवटी म्हणाली. "ह्या वर्सी. फुडचं फुडं बघू."

धोंडीरामानं मान हलवली. नाराज दिसला नाही, खूशही दिसला नाही. टोपी काढून डोक्याखाली घेतली आणि तिथंच दगडगोट्यांत आडवा झाला. "अर्ध्या तासानं उठव मला," म्हणाला, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा श्वास जड झाला.

विजयमालानं त्याच्या पायाशी आलेली शेळी हाकलली. अर्धा तास झाला, तास झाला. छबुबाईनं खालून हात केला, की मी शेळ्या घेऊन पुढं जाते. विजयमालानंही हात केला. उन्हं कलेपर्यंत तिनं त्याला उठवलं नाही.